सव्वा महिना झाला, आता धावू का?

पहाटे साडेपाचच्या सुमाराला नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर जा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली फेऱ्या मारताना दिसतील. त्यांत एखादी अशीही असते, जिचं बाळ कडेला आजीच्या मांडीवर झोपलेलं असतं. ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. मैदानी चाचणीच्या या पन्नास गुणांचा हिशेब तिला तोंडपाठ असतो. लग्नाआधी ती याच मैदानावर पहिल्या तिघींत असायची. आता मात्र दुसऱ्या फेरीच्या वळणावर थबकते. दम लागलेला नसतो. लघवीचे दोन-चार थेंब निसटलेले असतात, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नसतं.

गंमत अशी, की आदल्याच संध्याकाळी तिने डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढण पार केलेली असते. तेव्हा काहीच झालेलं नसतं. ओझं घेऊन चालणारं शरीर रिकाम्या हाताने धावताना का कुरकुरतं? या कोड्याचं उत्तर मिळालं, की बाळंतपणानंतर धावायला कधी आणि कसं लागायचं, याचंही उत्तर बरंचसं मिळतं.

धावणं म्हणजे भराभर चालणं नव्हे

चालताना आपला एक तरी पाय सतत जमिनीवर असतो. धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळं शरीर एका पायावर उतरतं. म्हणजे धावणं ही एका पायावरून दुसऱ्या पायावर मारलेल्या उड्यांची माळ आहे. चालताना जमिनीकडून पायाला मिळणारा धक्का आपल्या वजनापेक्षा जरासाच जास्त असतो. धावताना तो साधारण दुप्पट ते अडीचपट होतो.

आता हिशेब करा. पन्नास किलो वजनाच्या बाईला प्रत्येक पावलाला शंभर ते सव्वाशे किलोचा धक्का बसतो. एक पाऊल अंदाजे एक मीटरचं धरलं, तर ८०० मीटरमध्ये असे सुमारे आठशे धक्के. डोक्यावरच्या हंड्याचं वजन एकदा पेललं, की ते जवळपास स्थिर राहतं. धावण्याचं ओझं मात्र दर पावलाला नव्याने आदळतं. पाय, गुडघे आणि कंबर हा धक्का पुष्कळसा शोषून घेतात. उरलेला पोटाच्या तळाशी पोचतो. बाळंतपणात सगळ्यांत जास्त ताणला गेलेला भाग नेमका तोच असतो.

पोटाचा डबा आणि सैल झालेली नवार

धडाचा खालचा भाग म्हणजे एक डबा आहे असं समजा. झाकण म्हणजे श्वासपटल, श्वास घेताना खाली-वर होणारा छातीखालचा पडदा. पुढची भिंत पोटाच्या स्नायूंची, मागची पाठीच्या स्नायूंची. आणि तळाला, पुढच्या जांघाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणून बसवलेले स्नायू. त्यांना आपण तळस्नायू म्हणू. खाटेच्या चौकटीला नवार विणावी तसे ते कमरेच्या हाडांच्या चौकटीत विणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय याच नवारीवर विसावलेले असतात. खोकला, शिंक, उडी, हसू, काहीही झालं तरी डब्यातला दाब वाढतो आणि चांगली विणलेली नवार तो परतवून लावते.

नऊ महिने या नवारीवर ओझं वाढत जातं. बाळ योनीमार्गे येतं तेव्हा तिचा काही भाग मूळ लांबीच्या तिप्पट ताणला जाऊ शकतो. अंगातला दुसरा कुठलाही स्नायू इतका ताणला तर तुटेल. हा बहुधा तुटत नाही, पण सैल नक्की होतो. सैल खाटेवर कुणी अलगद आडवं झालं तर चालून जातं. त्याच खाटेवर पोरांनी उड्या मारल्या की नवार जमिनीला टेकते. हंडा घेऊन चालणं म्हणजे अलगद आडवं होणं, धावणं म्हणजे उड्या. आपल्या कोड्याचं उत्तर हे असं आहे.

पुढच्या भिंतीचीही तीच कथा. पोटाच्या मधोमध, उभ्या दोन स्नायूंना जोडणारी एक पांढरी, चिवट पट्टी असते. गरोदरपणाच्या शेवटी ती जवळजवळ प्रत्येकीची ताणून रुंद होते, जुन्या परकराच्या नेफ्यातल्या इलॅस्टिकसारखी. घरीच पाहता येतं. उताणं झोपून गुडघे उभे करा, बेंबीच्या जरा वर बोटं आडवी ठेवा आणि डोकं थोडं उचला. मध्ये दोनाहून जास्त बोटं सहज आत जात असतील किंवा पोटाच्या मधोमध उभा फुगवटा येत असेल, तर भिंत अजून सैल आहे. अशा वेळी पोट सपाट करायच्या घाईत झोपून उठण्याचे व्यायाम (सिट-अप्स) केले, तर दाब त्याच फटीवर येतो.

पोट बांधण्याची आपली जुनी रीत सुरुवातीच्या दिवसांत आधार म्हणून बरी वाटते. पण कापडाने फट भरत नाही; ती स्नायूंनीच भरायची असते. आणि पट्टा फार आवळला, तर दाब खाली तळावर ढकलला जातो.

स्लॅब वरून सुकला, म्हणून सेंट्रिंग काढायचं?

नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला आपण ‘ओली बाळंतीण’ म्हणतो. शब्द नेमका आहे. ओतलेला स्लॅब दुसऱ्या दिवशी वरून टणक दिसतो, तरी कुठलाही गवंडी लगेच सेंट्रिंग काढत नाही. आत घट्टपणा यायला वेळ लागतो. बाळंतिणीच्या शरीरात तर पाच-सहा स्लॅब एकाच वेळी पडलेले असतात, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी.

गर्भाशय सगळ्यांत चपळ. बाळंतपणानंतर लगेच त्याचं वजन एक किलोच्या आसपास असतं. सहा आठवड्यांत ते ६०-७० ग्रॅमवर येतं. अंगावरून जाणंही तोवर बहुतेक थांबतं. सव्वा महिन्याची चाल बहुधा याच निरीक्षणातून आली असावी. सरकारी व्यवस्थेचं वेळापत्रकही त्याच्याशी जुळतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे.

पण गर्भाशय जागेवर आलं म्हणजे सगळं आलं, असं नाही. तळस्नायूंची भरपाई मुख्यतः चार ते सहा महिन्यांत होते. सिझेरियन झालं असेल, तर पोटाच्या आतल्या जाड पडद्यात सहा आठवड्यांनी मूळ ताकदीच्या निम्म्याहून थोडी जास्तच ताकद आलेली असते. सहा-सात महिन्यांनीही ती पुरती परतलेली नसते. वरची त्वचेची रेघ मात्र महिन्याभरात छान मिळून येते आणि फसवते. सांध्यांचे बंध गरोदरपणात मऊ पडलेले असतात, ते काही महिने तसेच राहतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, त्यामुळे खालच्या भागाची त्वचा पातळ आणि कोरडी राहते.

सव्वा महिना हे सगळ्यांत लवकर भरणाऱ्या अवयवाचं घड्याळ आहे. धावायचं ते सगळ्यांत उशिरा भरणाऱ्याच्या घड्याळाने. बैलजोडीत एक बैल कितीही तेज असला, तरी गाडी चालते मंद बैलाच्या चालीने. ब्रिटनमधल्या भौतिकोपचार तज्ज्ञांनी २०१९ मध्ये याविषयी मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा हाच: पहिले तीन महिने धावणं नको, पुढे तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, तेही शरीराची परीक्षा घेऊन.

रक्त: काळीपिवळीत आठच जागा

आपल्या भागात तळस्नायूंइतकीच मोठी अडचण रक्ताची आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी काळीपिवळी जीप. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त असायला हवं. ते ८ असेल, तर बारा जणांच्या जीपमध्ये आठच जण बसतात. माणसं तर सगळी पोचवायची आहेत, मग जीपला फेऱ्या जास्त. म्हणजे हृदयाचे ठोके जास्त. बाई म्हणते, ‘सराव तुटला, दम राहिला नाही.’ दम कुठे गेलेला नसतो. गाडीत जागा कमी असतात. अशा वेळी फेऱ्या वाढवून दम वाढत नाही, थकवा वाढतो. आधी रक्त तपासायचं.

बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी आणि सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. दोन्ही एका वेळी घेऊ नयेत. कॅल्शियम लोहाला रक्तात शिरताना अडवतं. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर चालेल, चहाबरोबर नाही.

नंदुरबारमध्ये आणखी एक गोष्ट पाहायलाच हवी, सिकलसेल. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं, ऊन लागलं, अतिश्रम झाले, की त्रास उसळतो. नुसत्या वाहक असलेल्या बायकांनीही कडक उन्हात, पाण्याविना जीव तोडून धावू नये. सिकलसेलच्या रुग्णांनी धावण्याचा बेत आणि लोहाच्या गोळ्या, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे, त्यात तपासणी होते आणि निकालानुसार रंगाचं कार्ड मिळतं. आपलं कार्ड कुठल्या रंगाचं, हे भरतीच्या अर्जाआधी माहीत असावं.

दूध, हाडं आणि भाकरी

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. ताटात मांडून पाहिलं तर ज्वारीची एक मोठी भाकरी, वाटीभर घट्ट डाळ आणि मूठभर शेंगदाणे. हे नेहमीच्या जेवणाशिवाय. धावायला लागली, की दर किलोमीटरला किलोमागे एक उष्मांक आणखी, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला तीन किलोमीटरचे दीडशे. हा खर्च ताटातून भागला नाही, तर शरीर तो स्वतःतूनच वसूल करतं.

दुधातलं कॅल्शियम थोडंफार आईच्या हाडांतूनही येतं. पाजण्याच्या काळात हाडांतली खनिजं तीन ते पाच टक्क्यांनी कमी होतात. दूध तोडल्यावर ती भरून येतात, त्यामुळे पाजणं थांबवायचं काही कारण नाही. पण याच काळात अर्धपोटी राहून रोज हजारो धक्के दिले, तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो.

मॅरेथॉनची तेव्हाची जागतिक विक्रमवीर पॉला रॅडक्लिफ हिला हा धडा महागात पडला. जानेवारी २००७ मध्ये तिला मुलगी झाली. दोन आठवड्यांच्या आत तिने सराव सुरू केला आणि माकडहाडाच्या वरच्या हाडाला तडा गेला. धावणं बंद करावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. लोक जिंकल्याची गोष्ट सांगतात, तड्याची वगळतात. पी. टी. उषाची गोष्ट अधिक धिमी आहे. १९९२ मध्ये मुलगा झाला. १९९८ मध्ये फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिने २०० आणि ४०० मीटरमध्ये कांस्यपदकं मिळवली.

व्यायामाने दूध आटतं किंवा आंबतं, ही भीती मात्र सोडून द्या. पोटभर खाऊन-पिऊन केलेल्या बेताच्या व्यायामाने दूध कमी होत नाही आणि बिघडतही नाही. धावण्याआधी बाळाला पाजून घ्यावं; छाती हलकी होते, बाळही शांत राहतं. दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध देणाऱ्या आईला ‘पाणी कमी पी’ असं सांगणं तर उलटंच आहे.

“आमच्या वेळी आठव्या दिवशी शेतात जायचो”

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते खोटंही नाही. सातपुड्यात रस्त्यापर्यंत बांबूच्या झोळीतून आणलेली बाळंतीण थोड्याच दिवसांत पुन्हा पाणी भरायला लागते. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सक्तीची विश्रांती कुणाला परवडते? पण त्या गेल्या त्या चालत, धावत नव्हे. आणि त्यांतल्या कितीजणींना पुढे त्रास झाला, याची नोंद कुणी ठेवली? ‘अंग बाहेर येणं’ हा शब्द आपल्या बायकांना पक्का माहीत आहे. सैल नवारीवरून गर्भाशय किंवा मूत्राशय खाली घसरणं, हाच तो त्रास. शब्द घरोघर माहीत असणं हेच सांगतं, की त्रास नवा नाही. तो फक्त कुजबुजीत राहिला.

दुसरं टोकही बरं नाही. चाळीस दिवस बाजेवरून न उठल्याने स्नायू झडतात आणि पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. साधं बाळंतपण झालं असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच घरात हळूहळू चालावं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला असा, की प्रकृतीची अडचण नसलेल्या बाळंतिणीने टप्प्याटप्प्याने आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामापर्यंत यावं. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतपत.

नवार पुन्हा कशी ताणायची

पहिले दोन आठवडे फक्त श्वास आणि तळस्नायू. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचे आहेत, अशा रीतीने तळ आत आणि वर ओढायचा. पाच-सहा सेकंद धरायचा, मग पूर्ण सोडायचा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजताना केलं तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. खोकण्याआधी, हंडा उचलण्याआधी तळ आवळायची सवय लावली, की अर्धी लढाई जिंकली.

सहा आठवड्यांपर्यंत चालणं वाढवत न्यावं, पाच मिनिटांवरून अर्ध्या तासापर्यंत. तपासणीनंतर, सहा ते बारा आठवड्यांत ताकदीची कामं: भिंतीला टेकून बैठका, टाचा उचलणं, उताणं झोपून कंबर वर उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. भरतीत धावण्याला गुण आहेत, बैठकांना नाहीत. पण धक्का पोटाच्या तळापर्यंत पोचण्याआधी अडवतात ते पोटऱ्या, मांड्या आणि नितंबच.

तीन महिन्यांनंतर खालच्या चौकटीतली परीक्षा द्यावी. पास झाल्यावर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असे सात-आठ फेरे, एक दिवसाआड. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर. १०० मीटरची झेप आणि चार किलोचा गोळा सगळ्यांत शेवटी. गोळा फेकताना श्वास बाहेर सोडायचा, कोंडायचा नाही. वनरक्षकाची तयारी असेल, तर ३ किलोमीटर धावण्याआधी चार तासांतल्या १६ किलोमीटर चालण्याचा सराव धरावा. बाळंतिणीला पहिल्यांदा जमणारी परीक्षा तीच आहे.

| चौकट: धावण्याआधी स्वतःची परीक्षा |
|---|
| बाळ तीन महिन्यांचं झालं आणि रक्त तपासून घेतलं, की हे करून पाहा: |
| • सलग ३० मिनिटं भरभर चालणं |
| • एका पायावर १० सेकंद उभं राहणं |
| • एका पायावर १० अर्ध्या बैठका |
| • एका पायावर २० वेळा टाच उचलणं |
| • जागच्या जागी एक मिनिट धावणं |
| • एका पायावर १० उड्या |
| दोन्ही पायांनी, लघवी न निसटता, खाली जडपणा न वाटता, न दुखता जमलं तर पास. नाही जमलं तर दोन आठवडे ताकदीचे व्यायाम करून पुन्हा. |
| थांबा आणि दवाखान्यात जा: पुन्हा लाल रक्त जाऊ लागलं, खाली काही उतरल्यासारखं वाटलं, एक पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, किंवा मन सतत उदास राहिलं तर. |

विचारायचं कुणाला?

नवापूर असो की धडगाव, या विषयातला भौतिकोपचार तज्ज्ञ गावात मिळणं कठीण. पण दारापर्यंत येणारी माणसं आहेत. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेच्या पात्रातून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या गरोदर बायका आणि बाळांपर्यंत जात होत्या, हे सगळ्या देशाने वाचलं. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण अंगणवाडीतच मिळतं. आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईच्या भेटी संपत नाहीत. बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही ती घरी येते.

या पुढच्या भेटी बाळासाठी असतात. ती बाळाचं वजन विचारते, लस विचारते. पण तिसरा महिना म्हणजे नेमकी आईचीही धावण्याच्या परीक्षेची वेळ. त्या दिवशी बाळाचं बोलून झालं, की आवाज न चोरता सांगावं, “ताई, धावताना लघवी निसटते. कुणाला दाखवू?” सैल नवारीची खाट कुणी टाकून देत नाही. पण ती सैल झाली आहे, हे तिच्यावर झोपणाऱ्यानेच आधी सांगावं लागतं.